धर्मशास्त्रातील डॉक्टरेट : वाट कोठून सुरू होते?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील काही पालक मनात म्हणत असतील, "आमचा मुलगा अजून सातवीत आहे, डॉक्टरेटचे आम्हाला आज काय?" मला आज नेमके त्यांच्याशीच बोलायचे आहे.

गेल्या वर्षी ईदनंतर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सातवी पास होऊन तो मदरशात गेला होता. तेथे त्याने हिफ्ज पूर्ण केले, आलिमचा अभ्यासक्रमही उत्तम गुणांनी संपवला. वय बावीस. हातात फाइल, फाइलमध्ये जपून ठेवलेल्या सनदा. म्हणाला, "सर, मला हदीसमध्ये पीएच.डी. करायची आहे. काय काय लागते?" मी सनदा पाहिल्या, मनापासून आनंद झाला. मग विचारले, "दहावीचे प्रमाणपत्र कोठे आहे?" त्याने मान खाली घातली. "सर, दहावीला मी बसलोच नाही."

बंधू-भगिनींनो, त्याने शाळेचा दाखला घेतला तेव्हा त्याचा वर्गशिक्षक मीच होतो. त्याच्या अब्बांना मी मुबारकबाद दिली, पण दहावीबद्दल एक शब्दही बोललो नाही. ती चूक माझी होती. आजचे भाषण म्हणजे त्या चुकीची थोडीशी भरपाई आहे, असे समजा.

आता त्याच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. आपल्या देशात पीएच.डी.चे नियम विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, ठरवते. सध्याची नियमावली 2022 ची आहे. तिच्याप्रमाणे प्रवेशासाठी एम.ए. किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी मिळालेली असावी लागते. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला 75 टक्के गुण असल्यास थेट प्रवेशाचा मार्गही खुला आहे. मागासवर्गीय, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना 5 टक्क्यांची सवलत मिळते. त्यानंतर नेट किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. नेटमध्ये अरब संस्कृती व इस्लामिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्यात 55 टक्के मिळवावे लागतात. त्यात संशोधन कसे करावे आणि संशोधनातील सचोटी कशी राखावी, हे शिकवतात. दर सत्रात सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते. शेवटी प्रबंध. तो मार्गदर्शकाखेरीज बाहेरचे किमान दोन परीक्षक तपासतात आणि मग तोंडी परीक्षा होते. ही सारी मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा वर्षे, आणि पुन्हा नोंदणी केल्यास आठ वर्षांपर्यंत. मुलींच्या पालकांनी हेही लक्षात ठेवावे की, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि 240 दिवसांची बाळंतपणाची रजाही मिळते. लग्न झाले म्हणून मुलीचे संशोधन सुटावे, असे नियमात कोठेही लिहिलेले नाही.

शिक्षण कोठे घ्यावे? अलीगढ मुस्लिम विद्यापीठात धर्मशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा असून तिच्यात सुन्नी आणि शिया असे दोन विभाग आहेत. दिल्लीच्या जामिया मिल्लियात आणि हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात इस्लामिक अभ्यासाचे विभाग आहेत. तफसीर, हदीस, फिकह, कलाम, सीरत, कोणताही विषय घ्या, दार उघडे आहे. आणि ही वाट काही आपलीच नाही. आपल्या पुण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्रात डॉक्टरेट देणारी ज्ञानदीप ही संस्था आहे. तेथेही पदवी, मग त्यावरची पदवी, मग डॉक्टरेट, अशीच शिडी चढावी लागते.

कोणी विचारील, आलिमची सनद पुरेशी नाही काय? ज्ञान म्हणून ती फार मोठी आहे, याविषयी वादच नाही. काही विद्यापीठे ठराविक मदरशांच्या सनदा ठराविक अभ्यासक्रमांसाठी मान्यही करतात. अलीगढला मदरशातून आलेल्यांसाठी 2013 पासून एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू झाला. परंतु प्रत्येक विद्यापीठाची यादी वेगळी असते. माझ्या विद्यार्थ्याला हव्या असलेल्या विद्यापीठाच्या यादीत त्याच्या मदरशाचे नाव नव्हते. शिवाय 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला खरा, पण कामिल आणि फाजिल या उच्च पदव्या देण्याची त्यातील तरतूद यूजीसी कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केली. यावरून एवढा बोध घ्यावा की, केवळ एका सनदेच्या भरवशावर मुलाचे सारे भवितव्य टांगून ठेवू नये.

आता हिशेब करा. जो मुलगा सोळाव्या वर्षी दहावी होतो, तो अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या वर्षी बी.ए. आणि तेविसाव्या वर्षी एम.ए. होतो. अठ्ठाविशीच्या आत तो डॉक्टर होऊ शकतो. माझा विद्यार्थी तेविसाव्या वर्षी दहावीला बसला, तर एम.ए. होईपर्यंत तीस वर्षांचा होणार. डॉक्टरेट हाती येईतो पस्तिशी. तोवर घरची जबाबदारी, बहिणींची लग्ने, अब्बांचे वय, हे सारे वाट पाहत थांबेल काय? धर्मशास्त्रातील डॉक्टरेटची वाट पंचविसाव्या वर्षी बंद होत नाही, ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी बंद होते, आणि तीही घरातल्या कोणाला कळायच्या आत.

उपाय अवघड नाही. मुलाला मदरशात जरूर घाला. पण सोबत सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे तो खाजगीरीत्या दहावीला बसू शकेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. फॉर्मच्या तारखा दरवर्षी मंडळ जाहीर करते, त्यासाठी शाळेत चौकशी करा. मदरशाच्या उस्तादांशी आधीच बोलून ठेवा. मुलाने कष्ट करून परीक्षा दिली, तर त्यात त्यांनाही आनंदच वाटतो, असा माझा अनुभव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली भाषेची. मूळ ग्रंथ वाचायला अरबी हवी, हिंदुस्थानी उलमांचे लेखन वाचायला उर्दू, कधी फारसीही. आणि जगात या विषयावर काय लिहिले जात आहे हे कळायला इंग्रजी. मदरशातल्या मुलाला पहिली दोन हातची असतात, शाळेतल्या मुलाला शेवटची. दोघांनीही दुसऱ्याकडचे शिकावे.

दुसरी गोष्ट प्रबंधाची. प्रबंध म्हणजे पाच पुस्तकांतून सहावे पुस्तक तयार करणे नव्हे. आजवर कोणी नीट न विचारलेला प्रश्न विचारणे आणि पुराव्यानिशी उत्तर देणे, हे प्रबंधाचे काम. असे प्रश्न दूर शोधायला नकोत. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातील आपल्याच कोकणपट्टीचे आलिम. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. माहीमला त्यांच्या दर्ग्यावर आपण जातो, पण त्यांच्या तफसीरची रीत काय होती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? कोकणी मुसलमान शाफई मसलक पाळतात. हा मसलक या किनाऱ्यावर कसा रुजला, येथल्या काझींनी कोणते ग्रंथ वापरले? यांतला एकेक प्रश्न एकेका प्रबंधाला पुरेल.

आणि हे काम आपल्या परंपरेला परके नाही. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक रिवायतीची सनद मागितली : तू हे कोणाकडून ऐकलेस, त्याने कोणाकडून ऐकले, तो माणूस विश्वासाचा होता काय? आज प्रबंधाच्या तळटिपा हेच विचारतात. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून खपवणाऱ्याची नोंदणी आज रद्द होऊ शकते. आपल्या मुहद्दिसांनी तर अशा माणसाकडून रिवायतच घेतली नसती.

पैशांचा प्रश्न मोठा आहे, तो मी टाळत नाही. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली, याची झळ अनेकांना बसली. परंतु नेटमधून जे.आर.एफ. मिळवणाऱ्याला 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये लागू झाले. गरीब घरच्या हुशार मुलाने या परीक्षेवरच लक्ष ठेवावे. आणि एक इशारा. पैसे घेऊन 'मानद डॉक्टर' करणाऱ्यांपासून सावध राहा. प्रवेशापूर्वी ती संस्था यूजीसीच्या यादीत आहे की नाही ते पाहा. परदेशातून, अल-अजहरहून किंवा मदिनेहून पदवी आणायची असेल, तर येथे समकक्षतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, याची माहिती निघण्यापूर्वीच करून घ्या.

शेवटी माझ्या विद्यार्थ्याविषयी. त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला. दिवसा मकतबमध्ये मुलांना शिकवायचा आणि रात्री माझ्याकडे गणिताला यायचा. यंदा तो दहावी उत्तीर्ण झाला. गणितात काठावर, भाषांत उत्तम. पस्तिशीचा हिशेब मी त्याला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "सर, पस्तीस वर्षे तर तशीही होणारच आहेत." त्याच्या हिमतीला माझा सलाम. पण प्रत्येक मुलाकडे एवढी हिंमत असेल आणि प्रत्येक घराला एवढे थांबता येईल, असे गृहीत धरण्याचा आपल्याला हक्क नाही.

म्हणून या वर्षापासून मी एक वही केली आहे. सातवी-आठवीनंतर जो मुलगा किंवा मुलगी शाळा सोडून मदरशात जाते, तिचे नाव, पालकांचा फोन आणि सतरा नंबरचा फॉर्म कोणत्या वर्षी भरायचा, ते मी त्यात लिहितो. आजवर सात नावे झाली आहेत. तुमच्या मोहल्ल्यात असे मूल असेल, तर आज जाण्यापूर्वी त्याचे नाव मला सांगा. त्या सातांतून एक जरी उद्या हदीसचा किंवा फिकहचा डॉक्टर होऊन याच व्यासपीठावर उभा राहिला, तर आपल्या सर्वांची मेहनत सार्थकी लागेल.

अल्लाह तआला आपल्या मुला-मुलींना उपयोगी पडणारे इल्म देवो आणि आपल्याला त्यांच्या वेळेची कदर करण्याची तौफिक देवो. आमीन. खुदा हाफिज.