नवा पाय आणि त्याचे दुखणे



ज्याचा पाय गेला त्याने नवा पाय लावून कसे चालावे आणि तो दुखू लागला तर काय करावे, हे आज आम्ही सांगणार आहोत. पाय कशानेही जातो. कुणाचा मोटारीखाली जातो, कुणाचा मळणी यंत्रात. मधुमेह असला तर बोटाची साधी जखम चिघळते आणि पाय कापावा लागतो.

पूर्वीचे विलायती पद्धतीचे पाय आपल्या कामाचे नव्हते. त्यांवर बूट घालावा लागे. मांडी घालता येत नसे. मग चिखलात कसे उतरणार? ही अडचण जयपूर शहरात सुटली. तेथे डॉ. प्रमोद करण सेठी हे हाडांचे डॉक्टर होते आणि रामचंद्र शर्मा हे हुशार कारागीर होते. १९६८ च्या सुमारास त्यांनी रबराचे पाऊल तयार केले. त्याला ‘जयपूर फूट’ म्हणतात. ते लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेतातल्या पाण्यातही उतरता येते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ साली निघाली. ती असे पाय फुकट बसवून देते.

पण मंडळी, पाय मिळाला म्हणजे सगळे झाले असे नाही. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला शिबिरात पाय मिळाला. सहा महिन्यांनी पाहतो तर पाय खुंटीला टांगलेला आणि स्वारी पुन्हा कुबडीवर! आम्ही विचारले, तेव्हा म्हणाले, “गुरुजी, लई टोचतो. पण फुकटच्या पायाला नावं कशी ठेवायची?”

आम्ही म्हटले, “अहो, पाय फुकटचा असेल. तुमची कातडी फुकटची आहे का?”

त्यांना पुन्हा केंद्रात नेले. पाय कापल्यावर उरलेला भाग पहिल्या वर्षात बारीक होत जातो. त्यामुळे ज्या पोकळ भागात तो बसतो, तो ढिला पडला होता. कारागीर त्याला सॉकेट म्हणतात. नवे सॉकेट बसले आणि गृहस्थ पुन्हा गोठ्यात जाऊ लागले.

तेव्हा दुखते म्हणून पाय टाकू नका आणि दात-ओठ खात सोसूही नका. दुखणे कोणते ते आधी ओळखा.

पहिले दुखणे कातडीचे. पाय काढल्यावर कातडी लाल दिसते. थोड्या वेळाने लाली गेली तर काळजी नाही. ती तशीच राहिली, फोड आला किंवा कातडी सोलली, तर पाय लावू नका. जखम भरू द्या आणि केंद्रात दाखवा. पू, सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असणाऱ्यांना जखम झालेली कळतही नाही. त्यांनी रोज आरसा धरून खालची बाजू पाहावी.

दुसरे दुखणे आतले. कापलेल्या शिरेच्या टोकाला कधी गाठ होते. तिथे दाब पडला की वीज चमकल्यासारखी कळ येते. यावर डॉक्टरांकडे उपाय आहेत.

तिसरे दुखणे नवल वाटावे असे आहे. पाय नाही, पण पायाची बोटे दुखतात! घरचे म्हणतात, “याला वेड लागलं, नाहीतर बाहेरची बाधा झाली.” तसे काही नाही. पाय गेला तरी मेंदूत पायाची जागा शाबूत असते. ती जागा जागी झाली की दुखणे जाणवते. हे दुखणे खरेच असते, माणूस सोंग करीत नसतो. मांत्रिकाकडे जाऊ नका. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. हलक्या हाताने चोळा. डॉक्टर यावर गोळ्या देतात. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय शोधला. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, त्यात चांगला पाय पाहायचा आणि तो हळूहळू हलवायचा. गेलेला पायच हलतो आहे असे मेंदूला वाटते. काहींना याने आराम पडतो. हा उपाय जाणकाराकडून शिकून घ्यावा.

आता रोजचे नियम ऐका. उरलेला भाग रात्री साबणाने धुवा आणि कोरडा करा. सकाळी धुतला तर ओली कातडी लवकर सोलते. त्यावर घालायचा मोजा रोज धुतलेला असावा. पाय ढिला वाटला तर एक मोजा जास्त घाला. नवा पाय पहिल्या दिवशी थोडाच वेळ लावा, मग वेळ वाढवा. गुडघ्याखाली पाय कापला असेल तर झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. गुडघा आखडतो आणि मग पाय नीट बसत नाही.

आणखी एक. तुम्हांला आता लिहिता येते. एक वही करा. कुठे दुखले, केव्हा दुखले, किती चालल्यावर दुखले, ते रोज एका ओळीत लिहा. केंद्रात गेल्यावर “सगळंच दुखतं” असे सांगू नका, वही पुढे ठेवा. कारागिराला कुठे घासायचे आणि कुठे भर घालायची ते कळेल.

तुमच्या गावात कुणाचा पाय असा खुंटीला टांगलेला असेल, तर त्याला हा धडा वाचून दाखवा. आणि त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत जा.