मागे म्हणणारे



संगीतावर बोलावयास येथे खरे तर एखादा गवई यावयास हवा होता. आम्ही पडलो गिरणीकामगारांचे कार्यकर्ते. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा रागदारीची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नका. भजनात पुढे एक जण पद सांगतो आणि मागे वीस-पंचवीस जण ते उचलतात. त्या मागे म्हणणाऱ्यांबद्दल आम्ही बोलणार आहोत.

वर्धा जिल्ह्याला हे गाणे नवे नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला राहावयास आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. सकाळ-संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेची साबरमतीची रीत त्यांच्याबरोबर येथे आली. त्या रीतीला सुरांचे वळण लावले पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य, १९३० च्या दांडीयात्रेतही होते. मैफली गाजवण्याऐवजी त्यांनी आश्रमातल्या साध्या माणसांना गावयास लावले. इकडे तुकडोजी महाराजांनी हाती खंजरी घेतली. खंजरी स्वस्त, काखेत मावणारी. ती गावोगाव गेली आणि तिच्यामागे बसावयास कोणाला परीक्षा द्यावी लागली नाही.

दूर वेल्समध्ये कोळशाच्या खाणीतल्या मजुरांनीही अशीच गायनमंडळे काढली. १९५७ साली त्यांनी पॉल रॉब्सनला गावयास बोलावले. अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट अडकवलेला. तेव्हा तो न्यूयॉर्कहून समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून गायला, आणि सभागृहातल्या खाणकामगारांनी त्याला गाऊनच उत्तर दिले. त्यांच्या गाण्यात निरनिराळे गट एकाच वेळी निरनिराळ्या चाली धरतात. आपल्या भजनात चाल सर्वांची एकच. पण एक गोष्ट दोहोंकडे सारखी. सगळे एकदम श्वास घेत नाहीत. एकाचा दम संपला की शेजारचा ओळ धरून ठेवतो, म्हणून ओळ तुटत नाही. युनियन म्हणजे याहून वेगळे काय असते?

आता आमच्या एका चुकीची गोष्ट सांगतो. आम्ही तरुण असताना आमच्या गिरणीतल्या कामगारांचे एक भजनी मंडळ होते. पाळी सुटल्यावर चाळीच्या ओट्यावर बसायचे. एक पेटी, एक ढोलक, चार खंजऱ्या. त्यात साचेखात्यातले एक म्हातारे विणकर होते. तीस वर्षे साच्यांच्या खडखडाटात काढलेली. त्या आवाजाने आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. मग माणूस ओठ पाहून बोलणे ओळखतो. हे काकाजी आमच्या ओठांकडे पाहून गात. शब्द कधी चुकला नाही, सूर मात्र हटकून खाली.

एका वर्षी आम्ही भजनस्पर्धेत उतरलो. बक्षिसाची हाव सुटली. आम्हीच त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "काकाजी, यंदा तुम्ही नुसत्या टाळ्या द्या, ओठ हलवा." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बेटा, माहा सूर लागत नाही हे मले माहीत आहे. पण मुक्यानंच बसाचं होतं, तर साच्यावर मी काय वाईट होतो?"

बक्षीस मिळाले. काकाजी पुन्हा ओट्यावर आले नाहीत. त्यांच्यामागोमाग साचेखात्यातले आणखी तिघे-चौघे येईनासे झाले. कान त्यांचेही गेले होते. गिरणीने घेतलेले त्यांचे कान तर आम्हाला परत देता आले नव्हतेच; उरलेला आवाजही आम्ही काढून घेतला. आणि सभेत मात्र आम्हीच सांगत होतो की, प्रत्येकाला आवाज असला पाहिजे!

पुढे आम्ही त्यांच्या दारी गेलो, हात जोडले. ते म्हणाले, "येतो, पण मधात बसवा. कडेले बसलं का ओठ दिसत नाहीत." इतके साधे औषध होते. दोन्ही बाजूंना पक्क्या सुराचे गडी बसवले, पेटी जवळ सरकवली, पट्टी थोडी उतरवली. काकाजींचा सूर पुरता लागला असे आम्ही म्हणणार नाही. पण पंचवीस गळ्यांत तो सामावला. त्यानंतर आम्हाला बक्षीस मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आज ती गिरणी बंद आहे, काकाजीही नाहीत. मंडळे मात्र गावोगाव आहेत. हल्ली ध्वनिक्षेपक पुढच्या एकट्यापुढे असतो, आणि मागचे गातात की नुसते बसतात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून तुमच्यापाशी एकच मागणे आहे. आठवड्यातून एक दिवस ध्वनिक्षेपक बंद ठेवा, गोल बसा, आणि ज्याचा सूर लागत नाही त्याला मधे घ्या. स्पर्धेला उत्तम गाणारे जरूर पाठवा. पण ओटा सगळ्यांचा राहू द्या.