चुन्याची डबी

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे आणि म्हणणाऱ्याला सोयीचीही आहे. कारण दुसऱ्याच्या खोडीविषयी तिच्यात निकाल आहे आणि स्वतःच्या खोडीविषयी माफी आहे. परंतु प्रत्यक्षात पाहू गेले तर माणसांच्या खोडी जातात. पंचवीस-तीस वर्षे तंबाखू खाल्लेली माणसे ती सोडतात. दारूने घर धुऊन नेलेली माणसे पुन्हा घर उभे करतात. मग म्हण खोटी म्हणावी, तर सोडण्याचा निश्चय करून आठवड्यात परतलेली माणसेही गल्लोगल्ली आहेत. तेव्हा खोड जाते की नाही, यापेक्षा ती कशी जाते, हाच प्रश्न अधिक कामाचा आहे.

निर्मलचा घाट चढून नेरडिगोंडामार्गे आदिलाबादकडे, आणि पुढे पैनगंगा ओलांडून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इचोडा हे गाव आहे. पूर्वी हैदराबाद संस्थानात, 1956 पासून आंध्र प्रदेशात आणि 2014 पासून तेलंगणात असलेल्या या मुलखात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा एकाच दुकानाच्या फळीवर ऐकू येतात. भाषा चार असल्या, तरी तळहातावर तंबाखूला चुना लावून ती अंगठ्याने मळण्याची, वर दोन चापट्या मारून ओठाआड ठेवण्याची रीत मात्र एकच.

या गावातील एक दिवाणजी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. त्याला नाव देण्याचे कारण नाही. इचोड्यात काय आणि अन्यत्र काय, तो सर्वांच्या ओळखीचाच आहे. कापसाच्या अडत्याकडे हिशेब लिहिणारा, वयाने पंचेचाळिशीचा, मनाने सरळ. विसाव्या वर्षी एका हमालाने त्याच्या हातावर पहिली चिमूट ठेवली. पुढे चुन्याची डबी खिशात आली ती कायमची. गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेली खर्र्याची पुडीही आली.

एके दिवशी जेवताना त्याला भाकरीचा नेहमीएवढा घास घेता येईना. तिखटाचा कण लागला की गालांची आग होई. डॉक्टरांनी त्याला तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालावयास सांगितली. दोनच गेली. सुपारीने गालांच्या आतील भाग ताठर झाला होता आणि डाव्या बाजूस एक पांढरा चट्टाही दिसत होता. “दिवाणजी, आज हा कर्करोग नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण हा त्याच्या वाटेवरचा मुक्काम आहे.” दवाखान्यातून निघाल्यावर दिवाणजीने डबी आणि पुडी दोन्ही नाल्यात फेकून दिल्या, आणि घरी येऊन बायकोला सांगितले, की आजपासून सुटले.

तीन दिवस त्याने काढले. हे तीन दिवस कसे जातात, ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. तंबाखूतील निकोटीन शरीरातून लवकर उतरते; त्याची सवय झालेला मेंदू मात्र मागणी करीत राहतो. डोके जड होते, झोप उडते, घरातल्या माणसांवर उगाच आवाज चढतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा त्रास सर्वांत अधिक असतो, आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत तो बहुतांशी ओसरतो. म्हणजे दिवाणजीने कठीण चढ जवळजवळ चढला होता. परंतु चौथ्या दिवशी कापसाच्या गाड्या एकाच वेळी आल्या, वजनाचा आणि पट्टीचा मेळ बसेना, आणि शेजारी उभ्या असलेल्या हमालाने सवयीने तळहात पुढे केला. दिवाणजीचा हातही पुढे गेला. मनाला कोणी विचारलेच नाही.

येथपर्यंत जे झाले, ते चिमूटभरच होते. खरे नुकसान संध्याकाळी झाले. घरी जाताना त्याने नवी डबी आणि दोन पुड्या विकत घेतल्या. बायकोने डबी पाहिली आणि ती म्हणाली, “अहो, एकदा चुकले म्हणून एवढे काय झाले?” त्यावर तो म्हणाला, “माझ्याने होणार नाही. ओळखले मी स्वतःला.” त्यानंतर आठ महिने त्याने सोडण्याचे नाव काढले नाही.

या उत्तरात अप्रामाणिकपणा नव्हता. गैरसमज मात्र होता. निश्चय ही एक वस्तू आहे, ती ज्याच्याजवळ असते त्याच्याजवळ असते आणि नसते त्याच्याजवळ नसते, असे तो धरून चालला होता. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1890 सालच्या ग्रंथातही काहीसा असाच कडक उपदेश आहे. नवी सवय लावावयाची तर आरंभ जोरदार करावा आणि ती रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असे तो सांगतो. सुताचा गुंडा गुंडाळत असता हातातून सुटला, तर कित्येक वेढे एकदम उलगडतात, तशी एकेक चूक असते, असा त्याचा दृष्टान्त आहे. दृष्टान्त उत्तम आहे. पण ज्याचा गुंडा एकदा पडला, त्याने पुढे काय करावे? जमिनीवरचे सूत पाहून तो तेथेच बसून राहिला, तर दोष दृष्टान्ताचा की त्याचा?

एकवीस दिवसांत सवय सुटते किंवा लागते, असेही पुष्कळदा ऐकू येते. या आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या शल्यविशारदाच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय होण्यास निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याने पाहिले होते. ‘निदान’ हा शब्द वाटेत कोठे गळला, कोण जाणे! पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांना बारा आठवडे पाहिले. प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी साधी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करावयाची होती. ती अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने 66 दिवस लागतात, आणि माणसामाणसांत हा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत बदलतो, असा हिशेब 2010 साली प्रसिद्ध झाला. हा अभ्यास नव्या सवयी लावण्याचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हे, हे विसरू नये. तथापि त्यातील एक गोष्ट दिवाणजीला सांगण्यासारखी आहे: मध्ये एखादा दिवस चुकला, तर त्याने सवय रुजण्याच्या कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हा अनुभव प्रयोगशाळेतलाच आहे असे नव्हे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यांचे पती अनिल अवचट यांनी त्या सुमारास शहरात पसरत असलेल्या गर्दच्या व्यसनाविषयी लिहिले होते, आणि ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे मदतीस पुढे आले. त्या केंद्रात एक गोष्ट आरंभीच्या काळापासून दिसते. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथेच कार्यकर्ते होऊन नव्याने येणाऱ्यांशी बोलतात. डॉक्टर सांगतो ते खरे असते. पण “मीही घसरलो होतो” हे डॉक्टर सांगू शकत नाही. बरा होऊन गेलेला मनुष्य पुन्हा पिऊन आला, तर तो कायमचा गेला असे न मानता त्याला पुन्हा उभे करण्याचे काम तेथे होते. अमेरिकेत 1935 साली एक शेअरबाजारातील मनुष्य आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूच्या पूर्ण आहारी गेलेले, ॲक्रन गावी एकमेकांशी बोलत बसले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ निघाली. तिचे बळही हेच. ‘आजचा एक दिवस’ एवढेच ते मागतात. जन्मभराच्या शपथेचे ओझे पाठीवर घेऊन कोणीच फार दूर चालू शकत नाही.

याहून पुष्कळ जुना दाखला हवा असेल, तर तो उत्तर आफ्रिकेतील एका मायलेकरांचा आहे. संत मोनिका लहानपणी आईबापांच्या सांगण्यावरून पिंपातून द्राक्षमद्य आणावयास जात असे. ओतण्यापूर्वी ती भांड्याला नुसता ओठ लावी. आवड म्हणून नव्हे, पोरवयातील खोडकरपणा म्हणून. पण रोज थोडे थोडे वाढत जाऊन ती पेले भरून पिऊ लागली. बरोबर जाणाऱ्या दासीशी एकदा भांडण झाले, तेव्हा दासीने तिला तोंडावर दारुडी म्हटले. तो घाव असा बसला, की मोनिकाने त्या क्षणी पिणे टाकले. तिच्या मुलाने, संत ऑगस्टीनने, ही हकीकत आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवली आहे. आता ज्याच्या आईची सवय एका शब्दाने सुटली, त्या ऑगस्टीनची स्वतःची गोष्ट काय होती? तो कित्येक वर्षे अडकून होता. इच्छा वाकडी झाली की तिच्यातून वासना निघते, वासनेची सवय होते आणि सवयीला आवर घातला नाही की ती गरज होऊन बसते, अशी साखळीची एकेक कडी त्याने दाखविली आहे. शुद्ध आचरणासाठी तो तरुणपणी प्रार्थना करी. मात्र ते इतक्यात नको, हेही देवाला सांगे. 386 साली मिलानमधील बागेत त्याचा निश्चय झाला, तेव्हाही मित्र आलिपियस जवळ होता. आणि सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे हे, की दहा-बारा वर्षांनी, हिप्पोचा बिशप असताना, जुन्या सवयींची चित्रे स्वप्नात अद्याप येतात, असे तो मोकळेपणाने कबूल करतो. सुंभ जळला तरी पीळ राहतो. पण जळलेल्या सुंभाने कोणाला बांधता येत नाही, हेही त्याच म्हणीत आले.

आता पुन्हा इचोड्याकडे वळू. आठ महिन्यांनी दिवाणजीने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. या खेपेस त्याने डबी फेकली नाही. आधी एक कोरा कागद घेतला. तंबाखू केव्हा केव्हा तोंडात जाते, ते हिशेबी माणसाच्या शिस्तीने चार दिवस लिहून काढले. दिवसातून अकरा वेळा भरल्या. सकाळच्या चहानंतर, खतावणी उघडताना, जेवणानंतर, बसची वाट पाहताना, कोणी रागावून बोलले म्हणजे, आणि कित्येकदा केवळ दुसऱ्याने काढली म्हणून. एक सवय सोडावयाची असे तो समजत होता, आणि कागदावर अकरा निघाल्या. त्यांपैकी तलफ म्हणावी अशा चार-पाचच. बाकी सर्व हाताचे चाळे होते.

मग त्याने चहा दुकानात पिणे बंद करून घरी सुरू केले. खतावणीची बैठक हमालांच्या ओट्यापासून हलवून आतल्या खिडकीशी नेली. खिशात बडीशेप ठेवली. सुपारी नव्हे, कारण गालांचे वैर सुपारीशीही होते. हमालांना त्याने सांगून टाकले, “गड्यांनो, माझ्यापुढे हात करू नका.” त्यांनी दोन दिवस थट्टा केली आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेले. तलफ आली की पाणी पिऊन तो ओसरीपर्यंत चक्कर मारी. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते, हे त्याला एकदा कळल्यावर तिची भीती कमी झाली. तंबाखूच्या वेष्टनावर छापलेल्या 1800-11-2356 या क्रमांकावरही त्याने एकदा बोलून पाहिले. पंचवीस वर्षे वेष्टने हाताळूनही त्यावरचा मजकूर त्याने तोवर वाचला नव्हता.

हे त्याचे एकट्याचे लढणे नव्हते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत, बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाने मागील वर्षभरात ती सोडून पाहिली होती, असे आढळले. म्हणजे दिवाणजी ज्यांना निर्धास्त खाणारे समजत होता, त्यांच्यातले कितीतरी जण गुपचूप हाच कागद मनात लिहीत होते.

सातव्या आठवड्यात तो यवतमाळकडे एका लग्नाला गेला आणि मांडवात जुन्या मित्रांच्या घोळक्यात पुन्हा घसरला. एकदा नव्हे, दोनदा. रात्री परत येताच त्याने बायकोला सांगितले. सांगताना त्याची मान खाली होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बरे झाले सांगितलेत. सकाळी चहा घरीच घ्यायचा आहे ना?” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा घरी घेतला आणि पानपट्टीवरून न थांबता पुढे गेला. कागदावर ‘लग्न’ ही बारावी नोंद झाली.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी त्याचे तोंड पुन्हा तपासले. तंबाखू सोडल्यावर असे पांढरे चट्टे पुष्कळदा मावळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी देशातील 36,000 तंबाखू घेणाऱ्यांना अनेक वर्षे पाहून आणि समजावून सांगून याविषयी काम केले आहे; सोडणाऱ्यांत असे चट्टे पुष्कळ कमी आढळले. दिवाणजीचा चट्टाही फिका झाला होता. सुपारीने आलेला ताठरपणा मात्र इतक्या सहजी जात नाही. डॉक्टरांनी पुन्हा बोटे घालावयास सांगितली. दोन गेली, तिसरे दारातच अडले. त्यांनी तोंड उघडण्याचे व्यायाम आरशासमोर करून दाखविले, दिवसातून किती वेळा करावयाचे ते सांगितले आणि कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख घातली. दिवाणजीने कार्ड घेतले आणि ज्या खिशात पूर्वी डबी असे, त्या खिशात ठेवले.