हजार यार्डांचा उच्चांक कोणाचा?

१ ऑगस्ट २०२४ या दिवशी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. निशाण होते ५० मीटरवर. गुडघा टेकून, पालथे पडून आणि मग उभे राहून त्याने गोळ्या झाडल्या. "हे पदक कोणत्या संस्थेच्या नियमांप्रमाणे?" असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. विचारायचे कारणच नव्हते. ऑलिंपिकमधल्या नेमबाजीचे नियम साऱ्या जगासाठी एकच संघटना ठरवते.

पण नेमबाजीचा असाही एक प्रकार आहे की, तिथे हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्याचे घर अमेरिकेत. त्याला बेंचरेस्ट म्हणतात. आपण टेकूची नेमबाजी म्हणू. इथे बंदूक माणसाच्या खांद्यावर तोललेली नसते. भक्कम मेजावर पुढे एक टेकू, मागे वाळूची पिशवी, आणि त्यांवर बंदूक. मग तुम्ही म्हणाल, यात कौशल्य ते काय राहिले?

तर ऐका. लांब पल्ल्याच्या या खेळात निशाण असते १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर. एवढे अंतर तोडायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती कित्येक मीटर खाली येते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला, तर ती दीड मीटरही बाजूला सरकू शकते. म्हणून नेमबाज वाऱ्याची निशाणे न्याहाळतो, दुर्बिणीतून मृगजळ कोणीकडे वाहते ते पाहतो, आणि वारा ओळखीचा झाला की गोळी सोडतो. हात स्थिर आहे, बंदूक स्थिर आहे. वारा मात्र कोणाचे ऐकत नाही.

इथे मोजायचे काय असते? कागदावर उमटलेल्या छिद्रांतली सर्वांत दूरची दोन घ्यायची आणि त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे. ते जितके कमी तितका नेमबाज मोठा. गुणही मोजतात, पण नाव होते ते या अंतरामुळे.

आता संस्थांकडे वळू. १९५१ साली अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तेव्हा पल्ले लहान होते, १०० यार्ड, २०० यार्ड असे. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्टजवळ काही हौशी मंडळींनी हजार यार्डांसाठी स्वतंत्र क्लब काढला. त्यांचे नियम त्यांचे स्वतःचे. पुढे १९७० साली राष्ट्रीय संघटनेतून पूर्वेकडच्या नेमबाजांचा एक गट बाहेर पडला आणि त्याने 'इंटरनॅशनल' या नावाने वेगळी संघटना उभी केली. कालांतराने दोन्ही संघटनांनी हजार यार्डांच्या स्पर्धा आपल्या नियमांत घेतल्या. म्हणजे पल्ला एक, वारा एक, आणि नोंदवह्या तीन!

त्याच १९७० साली विल्यम्सपोर्टला मेरी लुईस डेव्हिटो या बाईंनी दहा गोळ्या ७ पूर्णांक ११/१६ इंचांत बसवल्या. पुढे १९९३ साली त्याच ठिकाणी फ्रँक वेबर यांनी दहा गोळ्या ३.९६ इंचांत बसवल्या. तेवीस वर्षांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आले. मग २००७ साली ओहायो राज्यात टॉम सार्व्हर यांच्या नावावर, 'इंटरनॅशनल' संघटनेच्या वहीत, १.४०३ इंचाची नोंद झाली.

ऐकणारा चटकन म्हणेल, "वा! सार्व्हरने वेबरला कितीतरी मागे टाकले." इथेच फसगत आहे. सार्व्हर यांची नोंद हलक्या बंदुकीच्या गटातली आहे. त्या गटात बंदूक १७ पौंडांच्या, म्हणजे पावणेआठ किलोंच्या आत हवी, आणि गोळ्या पाचच. वेबर यांच्या गोळ्या दहा होत्या.

शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात करून पाहावा. पाच मुले उभी करा आणि सर्वांत उंच व सर्वांत बुटका यांच्यातला फरक मोजा. त्यांच्याच शेजारी आणखी पाच उभी करा. फरक कमी होणे शक्यच नाही. बहुधा तो वाढेल. गोळ्यांचेही तसेच. म्हणून पाचांचे अंतर आणि दहांचे अंतर एका तराजूत घालता येत नाही. दोघेही आपापल्या वहीत खरे आहेत.

फाटाफुटीचा भार पडतो तो साध्या नेमबाजावर. उच्चांक धरला जातो तो त्या त्या संघटनेकडे नोंदलेल्या स्पर्धेतलाच. समजा, एका क्लबच्या मैदानावर कोणी आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी केली, पण त्या दिवशीची स्पर्धा कुठेच नोंदलेली नव्हती. मग तो कागद घरच्या भिंतीवर लावायचा, एवढेच. आणि एका संघटनेत नोंदलेला उच्चांक दुसरीच्या वहीत जात नाही.

मग फूट वाईटच का? तसे म्हणवत नाही. विल्यम्सपोर्टची मंडळी वेगळी चूल मांडती ना, तर हजार यार्डांचा हा खेळ कदाचित इतका वाढलाच नसता. वेगळ्या घरात नवे करून पाहायला मोकळीक असते.

शिवाय भांडण कितीही असो, मापाच्या बाबतीत दोन्ही संघटना कडक. लहान पल्ल्यावर पाच गोळ्या कित्येकदा एकाच छिद्रातून जातात. मग पाचवी खरोखर लागली की कुठे भलतीकडेच गेली, हे कळावे कसे? त्यासाठी निशाणाच्या मागे एक सरकता कागद असतो. निशाणावर छिद्र एकच दिसले, तरी मागच्या कागदावर पाच वेगवेगळी उमटतात. हा मुका साक्षीदार दोन्हीकडे मानला जातो. चिन्हे दोन, पण पुरावा एकाच रीतीचा, म्हणून दोन्हीकडच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो.

तेव्हा श्रोतेहो, नेमबाजीचा असो, कुस्तीचा असो की एकरी पिकाचा, "जगात पहिला" असे कोणी सांगितले म्हणजे टाळी जरूर वाजवा. कष्ट करणाऱ्याची ती हक्काची आहे. पण टाळी वाजवून झाली की शांतपणे विचारा: किती गोळ्यांत, कोणत्या नियमाने, आणि माप कोणी घेतले? ज्याची कामगिरी खरी असते, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, कोणीतरी नीट विचारले म्हणून बरेच वाटते.