खेळता खेळता शिकणे : कारखान्यातला एक अनुभव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे आणि मध्ये मी उभा आहे. त्यामुळे वेळेचे भान ठेवूनच बोलतो.

माझे काम कारखान्यातल्या कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याचे. या क्षेत्रात गेली काही वर्षे 'गेमिफिकेशन' हा शब्द सतत कानावर पडतो. शब्द जड आहे, अर्थ सोपा. शिकवताना खेळातल्या गोष्टी वापरायच्या : गुण, पायऱ्या, बक्षीस, चढाओढ. शब्द नवा असला तरी कल्पना आपल्याला परकी नाही. सापशिडीचे मूळ आपल्या मोक्षपटात आहे आणि परंपरा त्याचे नाते थेट ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. कवड्या टाकता टाकता माणसाला नीती शिकवणारे ते प्रशिक्षणच होते.

खेळातून माणूस खरोखर शिकतो का? शिकतो, आणि त्याची कारणे आहेत. आपल्या मुलांना गाण्याच्या भेंड्यांमुळे किती गाणी पाठ होतात ते आठवा. वही घेऊन कोणी बसत नाही. पण आपल्यावर अक्षर आले की डोके खाजवून गाणे आठवावे लागते, आणि असे आठवलेले पक्के बसते. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच प्रयोगाने दाखवले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आमच्या वर्गात मात्र आम्ही पडद्यावर ऐंशी स्लाइड दाखवायचो, हजेरीपटावर सही घ्यायचो आणि चहा-बिस्किटे देऊन 'प्रशिक्षण पूर्ण' असा शेरा मारायचो!

खेळाचा दुसरा गुण म्हणजे त्यात चूक स्वस्त पडते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास एक खेळ तयार झाला. त्याचे नाव 'बिअर गेम'. दारूबंदीच्या गुजरातेत आणि तेही बाप्पासमोर हे नाव घेतल्याबद्दल क्षमा असावी. आम्ही खेळतो तेव्हा सरबताच्या बाटल्या धरतो! चार खेळाडू : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाला फक्त आपल्याकडे आलेली मागणी दिसते आणि माल काही आठवडे उशिरा पोचतो. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच चारवरून आठवर जाते आणि तिथेच राहते. तरीही प्रत्येक जण घाबरून जास्त मागवतो, मग माल साठतो, मग मागणी थांबते, आणि शेवटी चौघेही एकमेकांना दोष देत बसतात. खरा आकडा सांगितला की सगळे गप्प. माझ्या एका तासाच्या व्याख्यानाने जे कळले नसते ते अर्ध्या दिवसात कळते, आणि नुकसान फक्त कागदावरच्या बाटल्यांचे होते.

आता माझी चूक सांगतो. खरे म्हणजे त्यासाठीच आज उभा आहे.

पूर्वी मी एका रसायनांच्या कारखान्यात होतो. तिथे मी मोठ्या हौसेने गुणांची योजना आणली. एक पाठ पूर्ण केला की दहा गुण. ज्या विभागात महिनाभर एकही अपघात नाही, त्या विभागाला पन्नास गुण. कँटीनच्या भिंतीवर फळा लावला, पहिल्या विभागाला ढाल ठेवली. महिन्याभरात हजेरी पूर्ण. वरिष्ठ खूश, मी त्याहून खूश. प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सअॅपवर फिरत होती हे मला फार उशिरा समजले.

एक दिवस कॉस्टिक सोड्याचे द्रावण नेणाऱ्या होज पाइपचे कपलिंग निसटले आणि एका तरुण कामगाराच्या अंगावर द्रावण उडाले. डोळ्यांवर गॉगल होता, शॉवर दहा पावलांवर होता, म्हणून डोळे वाचले. गळ्यावर भाजले ते भाजलेच. चौकशीत निघाले की तेच कपलिंग दोन दिवस आधी दुसऱ्या पाळीत गळले होते. त्या पाळीतल्या जुन्या ऑपरेटरचे मनगट थोडे भाजले होते. त्याने पाण्याने हात धुतला, रुमाल बांधला आणि कोणाला सांगितले नाही. मी विचारले, "का नाही सांगितलेत?" तो खाली बघून म्हणाला, "साहेब, विभागाचे पन्नास गुण गेले असते."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. लपवायला मीच शिकवले होते.

नंतर वाचन केले तेव्हा दिसले की धोक्याची सूचना जुनीच होती. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र' असे सांगितले, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना न सांगता प्रशस्तिपत्र दिले, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही. आधी आमिष दाखवले की लक्ष कामावरून उठून बक्षिसावर जाते. आमच्याकडे तर ते खरे बोलण्यावरूनही उठले.

फळा मी स्वतः उतरवला. खेळ सोडला नाही, बदलला. कामगारांकडूनच मोठी सापशिडी रंगवून घेतली. प्रत्येक साप म्हणजे आमच्याच कारखान्यात घडलेला प्रसंग : गळके कपलिंग, परवान्याशिवाय उघडलेला व्हॉल्व्ह, न लावलेले कुलूप. पाळी सुरू होण्यापूर्वी चौघांनी पंधरा मिनिटे खेळायचे. सापावर सोंगटी आली की काय करायला हवे होते ते सांगायचे. बरोबर सांगितले तर साप गिळत नाही. नावांची यादी नाही, ढाल नाही. आणि थोडक्यात टळलेल्या अपघाताची चिठ्ठी पेटीत टाकणाऱ्याचे पाळीसमोर आभार मानायचे.

पेटीत चिठ्ठ्या वाढल्या तेव्हा वरिष्ठ दचकले. "तुमच्या खेळाने अपघात वाढले की काय?" त्यांना समजावताना माझा बराच घाम गेला. साप आधीपासूनच होते, आता दिसायला लागले एवढेच. पहिली चिठ्ठी कोणाची होती सांगू? त्या रुमाल बांधणाऱ्या ऑपरेटरची.

या सभागृहात अनेक जण कुठल्या ना कुठल्या विभागाचे प्रमुख आहेत. हल्ली तयार ॲप मिळतात, गुण आणि पदके देणे एका बटणाचे काम झाले आहे. विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : या खेळात चूक कबूल करणारा माणूस हरतो का? हरत असेल तर तो खेळ घेऊ नका.

आपल्या मंडळात उद्या मुलांच्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ आहे. उत्तेजनार्थ बक्षिसे नेहमीप्रमाणे भरपूर असतील. ती मुलांना आधी सांगू नका, एवढीच विनंती.

आता प्रसाद.

गणपती बाप्पा मोरया!