पोळ्याच्या सुमाराचे पाहुणे

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिवाळ्यातील एखादा तलाव उभा राहतो. पाण्यावर धुके पसरलेले, त्यात बदकांचे थवे, आणि काठावर शाल पांघरून दुर्बीण लावून बसलेला एखादा हौशी माणूस. हे चित्र खोटे नाही. पण ते उशिराचे आहे. पंगत बसल्यावर मांडवात शिरणाऱ्याला सगळे पाहुणे एकदमच आले असावेत असे वाटते. पहिला पाहुणा कोण आणि तो केव्हा आला, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मांडव घातला जात असतानाच हजर राहिले पाहिजे. पक्ष्यांच्या बाबतीत ती वेळ थंडीची नव्हे. श्रावण संपत येतो, नद्यांचे पहिले पूर ओसरतात, घरोघर पोळ्याची तयारी चालू होते, तीच ती वेळ.

मी ज्या भागाविषयी बोलणार आहे तो लोधीखेड्याचा, म्हणजे सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांचा मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, खाली संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची काळी शेते, आणि या सर्वांतून वाट काढीत जाणारी जाम नदी व ती जिला मिळते ती कन्हान. समुद्र येथून शेकडो कोस दूर. परंतु ज्या पक्ष्यांना पुस्तके किनाऱ्याचे आणि दलदलीचे पक्षी म्हणतात, त्यांपैकी कित्येकांना एवढी ओली रेती आणि एवढा चिखल पुरेसा होतो.

पोळ्याच्या दिवशी बैल धुण्यासाठी नदीवर नेतात. आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून झालेले असते. पहिला बैल पाण्यात पाय घालतो न घालतो तोच काठच्या चिखलातून एक काळपट पक्षी तीनचार तीक्ष्ण शिट्ट्या मारीत उसळतो आणि वळणापलीकडे दिसेनासा होतो. जाताना त्याच्या शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा शुभ्र पट्टा तेवढा डोळ्यांत भरतो. बैल धुणाऱ्याचे तिकडे लक्ष नसते, आणि ते स्वाभाविक आहे. त्या दिवशी मान बैलाचा असतो. हा पक्षी म्हणजे हिरवा तुतवार. नावात हिरवा असला तरी अंगावर हिरवेपणा शोधूनच काढावा लागतो. वजन साधारण ७५ ग्रॅम, म्हणजे एका मध्यम संत्र्याहूनही कमी.

आता हा आला कोठून? तुतवाराची वीण युरोपच्या उत्तरेपासून सायबेरियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेल्या सूचिपर्णी अरण्यांत होते. अंतराची कल्पना यावी म्हणून त्या अरण्यपट्ट्याच्या दक्षिणेचे ओम्स्क शहर घेतले, तर ते लोधीखेड्याहून सरळ रेषेत सुमारे ३७०० किलोमीटर दूर भरेल. त्याच्या भाऊबंदांपैकी बहुतेक सर्व जण जमिनीवर अंडी घालतात. हा मात्र झाडावर, कस्तुरासारख्या पक्ष्याने टाकून दिलेल्या जुन्या घरट्यात संसार थाटतो. पिले मोठी होण्याआधीच मादी निघून जाते. उरलेले पालनपोषण नर करतो आणि मग तोही निघतो. मादीच्या दृष्टीने पाहिले तर तिचा शरद जूनमध्येच सुरू होतो. आपल्याकडे आर्द्राच्या सरी कोसळत असतात, पेरण्या चालू असतात, आणि तिकडे उत्तरेत एक आई दक्षिणेकडे वळलेली असते. म्हणून श्रावणात नदीवर दिसणारा तुतवार हा 'हिवाळी पाहुणा' म्हणवला, तरी तो आपल्या भर पावसाळ्यात दारात उभा असतो.

याच सुमारास आणखी काही मंडळी येऊन पोहोचतात. शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवीत दगडांवरून फिरणारा सामान्य तुतवार येतो. ठिपकेवाला तुतवार भातखाचरांत आणि तलावांच्या काठी उतरतो. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, पहिले थवे मध्य आशियातून परततात. पुढे ज्वारी भरली की शेतकऱ्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसू लागतात. आणि भाद्रपद लागला की एखाद्या सकाळी करडा धोबी, ज्याला आपल्याकडे परीटही म्हणतात, पिवळे पोट मिरवीत ओढ्याच्या कडेला शेपटी आपटू लागतो.

येणाऱ्यांकडे पाहताना जाणाऱ्यांना विसरता कामा नये. याच आठवड्यांत चातक निघण्याच्या तयारीत असतो. पावसाच्या तोंडावर तो येतो, सातभाईंच्या घरट्यात आपली अंडी टाकतो, आणि पाऊस सरला की आफ्रिकेच्या वाटेला लागतो. सातभाई हा पक्षी एवढा गावठाणाचा की आपल्या बाभळबनाबाहेर तो सहसा जात नाही. त्याच्या घरात वाढलेले चातकाचे पोर मात्र ज्यांना त्याने कधी पाहिले नाही अशा आईबापांच्या मागोमाग समुद्र ओलांडून जाते. तुतवाराच्या पिलांची गोष्टही फारशी निराळी नाही. मोठी माणसे आधीच निघून गेलेली असतात. पोरे पुढे आपली आपण येतात. त्यांना वाट कोणी दाखविली?

हा प्रश्न फार जुना आहे. येथून दक्षिणपूर्वेला रामटेक आहे. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे परंपरा मानते. मेघदूतातील यक्ष मेघाला प्रवासाचे सोबती सांगतो तेव्हा त्यांत चातक आहे आणि मानससरोवराकडे निघालेले राजहंसही आहेत. हिमालयातून हंसांना जाण्यासाठी एक द्वार आहे, असेही कवीने म्हटले आहे. चातकाचे वर्णन निसर्गाला धरून आहे. राजहंसांना मात्र कवीने आपल्या सोयीने थोडे थांबवून घेतले आहे, कारण पट्टकदंब हंस उन्हाळा लागतानाच उत्तरेला गेलेले असतात. परंतु हंस हिमालय ओलांडून जातात हे त्या काळच्या लोकांनी ओळखले होते, ही गोष्ट लहान नव्हे. उपग्रहांशी जोडलेल्या यंत्रांच्या साह्याने आता सिद्ध झाले आहे की हे हंस हिमालय ओलांडताना ७००० मीटरांहूनही अधिक उंचीवर जातात. त्याच्या उलट युरोपात अनेक शतके समज असा होता की भिंगऱ्या हिवाळाभर कोठेतरी दडून झोपी जातात. काहींच्या मते तर त्या तळ्याच्या तळाशी चिखलात निजत. १८२२ साली जर्मनीत मानेत आफ्रिकी भाला रुतलेला एक करकोचा सापडला, तेव्हा पक्षी हिवाळ्यात कोठे जातात याचा धडधडीत पुरावा हाती आला.

शास्त्रशुद्ध उत्तराचा आरंभ मात्र एका शाळामास्तराने केला, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. १८९९ साली त्यांनी अॅल्युमिनियमची हलकी वळी करून, त्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरून, ती मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत घालून त्यांना सोडून दिले. पुढे कोणाला ते पक्षी सापडले की पत्र येई. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

वाटेच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडत गेले आहे. दिवस लहान होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात बदल घडतात. तो अधाशीपणे खाऊ लागतो आणि प्रवासाची शिदोरी चरबीच्या रूपाने अंगातच बांधून घेतो. दिशेसाठी त्याला सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिन्हींचा उपयोग होतो. अमेरिकेतील स्टीफन एम्लेन यांनी १९६०च्या दशकात कृत्रिम तारांगणाखाली लहान पक्षी ठेवून प्रयोग केले. आकाशाचा जो बिंदू स्थिर राहतो आणि ज्याच्याभोवती बाकीचे तारे फिरतात, त्यावरून पिलू उत्तर शिकते, असे त्यांतून आढळले. म्हणजे ध्रुवाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पाखरू ती स्वतःच वाचते.

एवढा प्रवास करून पक्षी येतो आणि आपल्या नदीकाठी उतरतो, तेव्हा त्याला हवे असते ते फार थोडे. पाणी आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर खोलीचा, उतरता, मऊ असा पट्टा. त्यात किडे, अळ्या आणि लहान शिंपले असतात. शिदोरी संपलेल्या पाहुण्याचे ताट तेथेच वाढलेले असते. आणि मला जे सांगायचे आहे ते या ताटाविषयीच आहे.

माझ्या माहितीतले नदीचे एक वळण आहे. त्याच्या आतल्या अंगाला रेतीचा रुंद पट्टा होता. पोळ्याच्या आगेमागे दोनचार दिवस तेथे गेलो की तुतवार हमखास भेटे. उन्हाळ्यात त्याच रेतीवर टिटवी आणि कंठेरी चिखल्या अंडी घालीत. ती अंडी खड्यांत इतकी मिसळून जात की पाय जपून टाकावा लागे. मग काही वर्षांत तेथून रेती निघू लागली, आधी गाड्यांनी आणि मग यंत्रांनी. आज तेथे उतरता काठ नाही. उभी कड आणि तिच्या पायथ्याशी खोल, हिरवट पाण्याचा खड्डा आहे. तुतवार खोल पाण्यात चरू शकत नाही. गेल्या काही पोळ्यांना मी तेथून रिकाम्या हाती परतलो.

घरे बांधायची तर रेती लागते, आणि ती नदीतूनच येत आली आहे. माझ्या घराच्या भिंतींतही ती आहे. म्हणून दोष देण्याचा मला फारसा अधिकार नाही. परंतु किती काढायची, कोठून काढायची आणि कोणता काठ सोडून द्यायचा, हे ठरविता येते. असेच मी एका जबाबदार गृहस्थांपाशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि सौजन्याने विचारले, "येथे पूर्वी पक्षी येत होते, याला काही नोंद आहे काय?" मी माझी वही पुढे केली. तिच्यात कोठे तारीख होती तर जागा नव्हती. कोठे जागा होती तर संख्या नव्हती. मधली काही वर्षे तर कोरीच होती. ते हसले नाहीत, पण त्यांनी वही परत केली. त्या दिवशी मला कळले की मी इतकी वर्षे पक्षी पाहिले, पण साक्ष ठेवली नाही. काठ गेला त्यात माझ्या आळसाचाही वाटा आहे.

श्रोतेहो, म्हणून आजची विनंती अगदी साधी आहे. येत्या पोळ्याला बैल घेऊन, किंवा नुसतेच, नदीवर जाल तेव्हा घटकाभर काठाकडे पाहा. पांढऱ्या पट्ट्याचा काळपट पक्षी उठला तर तारीख, जागा आणि संख्या, या तीन गोष्टी लिहून ठेवा. पक्षी दिसला नाही तर तेही लिहा; न दिसण्याची नोंद दिसण्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते. २००७ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातून अशाच पहिल्या आगमनाच्या तारखा देशभरातून गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला होता, तो अवघ्या नऊ जातींपासून. २०२३ साली भारतातील ९४२ पक्षिजातींचा आढावा घेणारा अहवाल प्रसिद्ध झाला. तोही हजारो सामान्य लोकांच्या टिपणांवरच उभा आहे, आणि दूरवरून येणाऱ्या काठच्या पक्ष्यांविषयी त्यात चिंताच व्यक्त झाली आहे. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळतात. तो अवश्य पाळावा. पण शाळांनी आपली वही मात्र पोळ्यालाच उघडावी. नोव्हेंबरपर्यंत पहिला पाहुणा जुना झालेला असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन्ही तीरांवर गोटमारीसाठी हजारो माणसे जमतात. सगळ्यांचे डोळे नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसाच्या झाडावर खिळलेले असतात. त्याच दिवशी, त्याच नदीच्या कुठल्यातरी निवांत वळणावर, हजारो किलोमीटर उडून आलेले एक पाखरू उतरायला जागा शोधीत असते. त्याला वळण सापडावे, आणि सापडले हे कोणीतरी लिहून ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.