अनुभव आणि निर्णय



अनुभवासारखा गुरू नाही, असे म्हणतात. हा गुरू कधी कधी चुकीचा धडाही देतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिले. त्यांचा जन्म १९३४ साली तेल अवीव येथे झाला.

१९५५ मध्ये इस्रायली सैन्यातील नवागतांच्या मुलाखतींची पद्धत ठरविण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. तोवर मुलाखतकार मोकळ्या गप्पांवरून उमेदवाराविषयी मत बनवीत आणि ते पुढे फारसे खरे ठरत नसे. कानेमन यांनी जबाबदारीची जाणीव, मनमिळाऊपणा असे सहा गुणविशेष निवडले. प्रत्येकासाठी उमेदवाराच्या पूर्वायुष्यातील प्रत्यक्ष घटनांविषयी प्रश्न ठरविले आणि एकाची नोंद झाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळू नये, असा नियम घातला. आपल्याला यंत्रे बनविले जात आहे, अशी मुलाखतकारांनी तक्रार केली. तेव्हा शेवटी डोळे मिटून स्वतःचे मत नोंदविण्याची मुभा त्यांना देण्यात आली. नवी पद्धत जुनीपेक्षा सरस ठरली. शिवाय शिस्तीने माहिती घेतल्यानंतर दिलेले ते मतही तितकेच उपयुक्त ठरले.

१९६० च्या दशकात हवाई दलाच्या प्रशिक्षकांना त्यांनी सांगितले, की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस अधिक शिकतो. एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते, रागावले की सुधारते, असा त्याचा अनुभव होता. निरीक्षण खरे होते. निष्कर्ष मात्र चुकीचा होता. कानेमन यांनी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येकाला तिच्याकडे पाठ करून दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे खुणेजवळ पडले, त्यांचे दुसरे बहुधा दूर गेले. ज्यांचे पहिले दूर पडले, त्यांचे दुसरे बहुधा जवळ आले. तेथे कोणी शाबासकी दिली नव्हती, कोणी रागावलेही नव्हते. असामान्य यशात वा अपयशात योगायोगाचा वाटा असतो. म्हणून पुढचा प्रयत्न सहसा नेहमीच्या पातळीकडे वळतो.

अशा चुकांचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांनी सहकारी अमोस ट्वर्स्की यांच्यासह केला. ट्वर्स्की १९९६ मध्ये निवर्तले. २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्गात शिक्षकाने छडी उगारल्यावर विद्यार्थ्याचे गुण वाढले, म्हणून ते छडीमुळेच वाढले असे होत नाही. निवड समितीतील सदस्याने पहिल्या दर्शनावर विसंबण्यापूर्वी प्रत्येक बाबीची स्वतंत्र नोंद केली, तर उमेदवारावरील अन्याय टळण्याची शक्यता वाढते. अनुभवाला मान जरूर द्यावा. परंतु त्याची साक्षही तपासून घ्यावी.